ठाण्यात कॅमेरा आहे, पण चित्रण कुठे आहे?

पोलीस ठाण्यात आता कॅमेरे बसले, कोठडीत कोणाच्या अंगाला हात लागणार नाही, असे म्हणणारे कार्यकर्ते जिल्ह्याजिल्ह्यांत भेटतात. त्यांच्या बोलण्याला आधारही आहे. २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंग सैनी विरुद्ध बलजित सिंग या प्रकरणात देशातील प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावण्याचा आदेश दिला आणि तो देताना राज्यघटनेच्या कलम २१ चा आधार घेतला. परंतु भिंतीवर कॅमेरा दिसणे आणि प्रसंगी त्याचे चित्रण हाती पडणे या दोन गोष्टींत फार मोठी दरी आहे. या दरीत आपल्या कितीतरी तक्रारी गडप झाल्या आहेत.

२०२२ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे राज्य सरकारने दिलेली माहिती आठवा. राज्यात १,०८९ पोलीस ठाणी, त्यांतील ५४७ ठाण्यांत कॅमेरे बसवलेले, एकूण ६,०९२ कॅमेरे, चालू ५,६३९. म्हणजे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर वर्ष उलटून गेले तरी निम्मी ठाणी आंधळीच होती. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये राजस्थानातील कोठडी मृत्यूंची वर्तमानपत्रातील बातमी वाचून सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून पुन्हा हा विषय हाती घ्यावा लागला. देशातील सर्वोच्च न्यायपीठाचा आदेश पाच वर्षे ज्या यंत्रणेच्या अंगाला चिकटत नाही, ती यंत्रणा तुमच्या आमच्या साध्या अर्जाला किती भीक घालणार?

म्हणून अर्ज करण्याआधी यंत्र समजून घेतले पाहिजे. आपल्या समाजातील मुले आज संगणक अभियंते आहेत, केबल टाकण्याचे आणि कॅमेरे बसवण्याचे काम करणारे तर गल्लोगल्ली आहेत. पण कोर्टात उभा राहणारा वकील आणि ठाण्यात धडकणारा कार्यकर्ता या दोघांना मात्र ‘फुटेज द्या’ यापलीकडे शब्द सापडत नाहीत. समोरचा अंमलदार ‘फुटेज नाही’ म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. ‘नाही’ म्हणजे नेमके काय? कॅमेरा बंद होता, की तार तुटली होती, की डिस्क खराब होती, की त्यावर नवे चित्रण चढले, की कोणी पुसले? या पाच उत्तरांचे कायद्यातील परिणाम पाच वेगवेगळे आहेत.

जुन्या पद्धतीचा कॅमेरा फक्त चित्राचा विद्युत संदेश पाठवतो. प्रत्येक कॅमेऱ्यापासून एक जाड केबल थेट डीव्हीआर नावाच्या पेटीपर्यंत जाते आणि त्या पेटीत चित्राचे आकड्यांत रूपांतर होऊन ते साठवले जाते. नव्या, म्हणजे नेटवर्कवर चालणाऱ्या कॅमेऱ्याची जात निराळी आहे. १९९६ साली स्वीडनमधील ॲक्सिस कंपनीने असा पहिला कॅमेरा बाजारात आणला. हा कॅमेरा म्हणजे डोळा लावलेला छोटा संगणकच. भिंगातून आत आलेला प्रकाश एका सेन्सरवर पडतो, कॅमेऱ्यातील चिप तिथल्या तिथे चित्राचे आकडे करते, ते दाबून लहान करते आणि पाकिटे करून तारेवर सोडते. प्रत्येक कॅमेऱ्याला स्वतःचा आयपी पत्ता असतो, जसा आपल्या घराला घर क्रमांक असतो तसा. कॅमेऱ्यांच्या तारा स्विच नावाच्या एका पेटीत येतात आणि तिथून एनव्हीआर या साठवणाऱ्या यंत्राकडे जातात. तांब्याची ही साधी नेटवर्क केबल सलग १०० मीटरपर्यंत टाकता येते. तिच्यातूनच कॅमेऱ्याला वीजही पुरवता येते; २००३ साली ठरलेल्या मानकानुसार स्विचकडून एका कॅमेऱ्यामागे १५.४ वॅटपर्यंत.

ही शेवटची बाब वकिलांनी नीट लक्षात ठेवावी. वीज स्विचमधून येत असेल तर एका स्विचची पिन काढली की त्यावरचे सगळे कॅमेरे एका क्षणात मरतात. ‘कोठडीसमोरचा तेवढा एकच कॅमेरा वीज गेल्यामुळे बंद पडला’ असे उत्तर आले, तर पहिला प्रश्न हाच विचारायचा की त्याच स्विचवरचे बाकीचे कॅमेरे कसे चालू राहिले? ते चालू असतील तर वीज गेली नव्हती. एका कॅमेऱ्याची तार निघाली होती, किंवा काढली होती.

आता दाबण्याविषयी. कॅमेरा सेकंदाला २५ चित्रे घेतो असे धरले, तर ती सगळी जशीच्या तशी साठवायला कोणतीच डिस्क पुरणार नाही. म्हणून एच.२६४ आणि त्यानंतर आलेली एच.२६५ या पद्धती वापरतात. ठरावीक अंतराने एक चित्र पूर्ण साठवायचे आणि मधल्या चित्रांत फक्त काय बदलले तेवढेच नोंदवायचे. रिकाम्या व्हरांड्यात काहीच बदलत नाही, त्यामुळे तिथे जागा फारशी लागत नाही. पण झटापट सुरू झाली की सगळेच बदलते. बसवणाऱ्याने जागा वाचवण्यासाठी प्रवाहाला कमी मर्यादा घातली असेल, तर नेमक्या त्याच क्षणी चित्राचे ठोकळे पडतात आणि चेहरे ओळखू येत नाहीत. रिकाम्या खुर्च्या स्वच्छ दिसतात, माणूस पडताना दिसत नाही. तेव्हा कॅमेरा किती मेगापिक्सेलचा आहे हे टेंडरात मिरवण्यापुरते ठीक. प्रवाह किती ठेवला आहे ते विचारा.

या प्रवाहावरच सगळा हिशेब अवलंबून आहे. एका कॅमेऱ्याचा प्रवाह सेकंदाला २ मेगाबिट धरा. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला पाव मेगाबाइट. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे एका कॅमेऱ्याचे दिवसाला २१.६ जीबी. वर दिलेल्या सरकारी आकड्यांवरून एका ठाण्याला सरासरी ११ कॅमेरे येतात. त्यांचे दिवसाला सुमारे २३८ जीबी झाले. पेटीत ४ टीबीची एकच डिस्क असेल तर ती सतराव्या दिवशी भरते. भरल्यावर यंत्र थांबत नाही. सर्वांत जुने चित्रण पुसत त्यावर नवे लिहीत जाते. त्यासाठी कोणा हवालदाराला बटण दाबावे लागत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये चित्रण १८ महिने टिकले पाहिजे असे सांगितले आणि तशी साधने बाजारात नसतील तरी एक वर्षापेक्षा कमी नाही अशी मर्यादा घातली. आपल्या अकरा कॅमेऱ्यांना याच हिशेबाने वर्षाला ८७ टीबी आणि १८ महिन्यांना सुमारे १३० टीबी लागतील, म्हणजे दहा टीबीच्या तेरा डिस्क. एच.२६५ वापरून प्रवाह निम्मा केला तरी ६५ टीबी. ठाण्यातील पेटीत डिस्क किती टीबीची आहे एवढी एकच माहिती मिळवा. न्यायालयाचा आदेश पाळला आहे की नाही हे शाळकरी पोरगाही भागाकार करून सांगेल. आदेशाचा अवमान सिद्ध करायला याहून स्वस्त पुरावा माझ्या तरी पाहण्यात नाही.

आणि याच भागाकारात आपल्या लोकांचा घात कसा होतो तेही पाहा. मारहाण झाली, माणूस जामिनावर सुटला, चार दिवस दवाखान्यात गेले, मग नेत्यांची भेट, मग निवेदन, मग मोर्चाची तारीख. त्यानंतर कोणाला तरी माहिती अधिकाराचा अर्ज सुचतो. कायद्याने उत्तराला ३० दिवस आहेत. तिसाव्या दिवशी उत्तर येते की चित्रण उपलब्ध नाही, आणि दुर्दैव असे की त्या दिवशी ते उत्तर खरे असते! माहिती अधिकार कायद्याच्या कलम ७ मध्येच तरतूद आहे की व्यक्तीच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती ४८ तासांत द्यावी लागते. कोठडीतील माणसाच्या बाबतीत ही तरतूद अर्जाच्या पहिल्या ओळीत लिहिली पाहिजे.

ठाण्यात गेल्यावर पडद्यावर चित्र दिसले म्हणून समाधान मानू नका. पडद्यावरचे चित्र थेट कॅमेऱ्याकडून येते. ते साठवले जाते आहे की नाही ही वेगळी गोष्ट आहे. डिस्क महिन्यापूर्वी मेलेली असली तरी पडद्यावर सगळे छान हलते दिसते. डिस्क बिघडली की बहुतेक पेट्या बीप-बीप वाजतात, पण तो आवाज बंद करण्याची सोय सेटिंगमध्ये असते, आणि कानाला त्रास होतो म्हणून तो बंद करणारे महाभागही असतात. दुसरे असे की यंत्र अखंड साठवते, ठरावीक वेळी साठवते की फक्त हालचाल झाली तरच साठवते, हेही सेटिंगवर असते. हालचालीवर ठेवले आणि चौकटीतून कोठडीच्या दाराचा भाग वगळला, तर दारात काहीही झाले तरी यंत्र झोपलेले राहते. चित्राचा एखादा भाग कायमचा काळा करून ठेवण्याचीही सोय असते. आवाजाचेही तसेच. न्यायालयाने चित्राबरोबर आवाजही मागितला आहे आणि अंधारात दिसण्याची सोयही. पण कॅमेऱ्याला माइक नसेल, किंवा असून बंद ठेवला असेल, तर शिवीगाळीचा पुरावा जन्मालाच येत नाही. जातीवाचक शिवीच्या गुन्ह्यात याचे मोल काय, हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको.

घड्याळाचा मुद्दा याहून नाजूक आहे. पेटीचे घड्याळ नेटवर्कवरून प्रमाण वेळेशी जुळवता येते, पण इंटरनेट जोडलेले नसेल तर ते हळूहळू मागेपुढे सरकते. आतली बटणाएवढी बॅटरी संपली आणि वीज गेली, तर तारीख थेट कित्येक वर्षे मागेही जाते. मग तुम्ही मागितलेल्या तारखेला शोध घेतला तर पेटी ‘काही नाही’ म्हणते आणि अंमलदार तसे लेखी देतो. चित्रण मात्र डिस्कवर भलत्याच तारखेखाली पडलेले असते. मराठवाड्यातील एका प्रकरणात नेमके हेच झाले होते. पेटीची तारीख तपासा असा अर्ज दिल्यावर हरवलेली रात्र सापडली. म्हणून चित्रण ताब्यात घेताना पेटीवरची वेळ आणि त्या क्षणाची खरी वेळ यांतील फरक पंचनाम्यात लिहून घ्या.

पेटीत आणखी एक मुका साक्षीदार बसलेला असतो, तो म्हणजे लॉग. वीज कधी गेली, कोणत्या कॅमेऱ्याचे चित्र कधी तुटले, डिस्क कधी नादुरुस्त झाली, घड्याळ कोणी बदलले, कोणत्या नावाने कोण आत शिरले, कोणता भाग कधी उतरवून घेतला, याची नोंद यंत्र आपसूक करते. चित्रण नसले तरी लॉग बोलतो. त्याचीही जागा मर्यादित असते आणि तोही जुना होऊन पुसला जातो, तेव्हा चित्रणाच्या बरोबरच लॉग मागा. काही कॅमेऱ्यांत स्वतःचे मेमरी कार्ड असते. नेटवर्क तुटले तर कॅमेरा त्यावर लिहितो आणि जोडणी आल्यावर पेटीला पाठवतो. काही ठिकाणी ठाण्याचे चित्र जिल्हा मुख्यालयातही जाते. पेटी नादुरुस्त होती म्हटले की कार्डाचे काय आणि मुख्यालयाच्या प्रतीचे काय, हे दोन प्रश्न ठेवून द्यावेत.

परभणीचे दुःख अजून ओले आहे. डिसेंबर २०२४ मध्ये तेथे संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली आणि त्यानंतरच्या धरपकडीत अटक झालेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी याचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. चित्रणात मारहाण दिसत नाही, असे सरकारतर्फे विधानसभेत सांगण्यात आले. पुढे जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याने गुणदोषांवर मी लिहीत नाही. पण ‘चित्रणात दिसत नाही’ या वाक्यापुढे कोणीही जाणकार विचारील : किती कॅमेऱ्यांच्या, किती तासांच्या चित्रणात? अटकेच्या क्षणापासून सलग, की मधूनमधून? आवाजासह? कॅमेरा जे पाहत नाही तिथे काही घडले नाही, असा निष्कर्ष यंत्रातून निघत नाही. २०२० च्या आदेशात प्रवेशद्वारे, कोठड्या, व्हरांडे, निरीक्षक व उपनिरीक्षकांच्या खोल्या, ठाणे अंमलदाराची खोली, स्वच्छतागृहांच्या बाहेरची जागा आणि ठाण्याची मागची बाजू अशी लांबलचक यादी आहे ती उगीच नव्हे. मारणाराही कॅमेऱ्याची नजर कुठवर जाते ते ओळखून असतो.

आता पुराव्याच्या कायद्याकडे येतो. याबाबतचा सर्वांत महत्त्वाचा निकाल आपल्या जालन्यातून गेला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबरला दुपारी ३ नंतर स्वीकारला का, असा वाद होता आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रीकरणाचा. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मूळ यंत्रच साक्षीत हजर केले तर निराळे, पण नेटवर्कचा भाग असलेले यंत्र न्यायालयात आणता येत नसेल आणि त्याची प्रत दिली, तर प्रमाणपत्र बंधनकारक आहे. त्याच वेळी असेही म्हटले की पक्षकाराने प्रमाणपत्रासाठी सर्व प्रयत्न केले आणि अधिकाऱ्यांनी ते दिलेच नाही, तर त्याची शिक्षा पक्षकाराला नाही. त्या प्रकरणात अधिकारी प्रमाणपत्र देत नव्हते, तरी निवडणूक रद्द ठरवणारा निर्णय टिकला. तेव्हा प्रमाणपत्र लेखी मागा, पुन्हा मागा आणि प्रत्येक अर्जाची प्रत जपा. १ जुलै २०२४ पासून जुन्या कलम ६५ब च्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ आले आहे. आता प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक पक्षकाराचा आणि एक तज्ज्ञाचा, आणि त्यात हॅश मूल्य लिहावे लागते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा. फाइलमधला एक कण बदलला तरी ठसा बदलतो. चित्रण घेताना ते यंत्राच्या मूळ स्वरूपात उतरवून घ्या आणि तिथेच हॅश काढून पंचनाम्यात लिहून घ्या. पडद्यासमोर मोबाइल धरून काढलेली क्लिप दिली तर ती घेऊन गप्प बसू नका. तिला ना लॉग, ना ठसा.

आणि चित्रण असूनही दिले नाही तर? वाराणसीच्या हॉटेल बुद्धामधील एका मृत्यूच्या प्रकरणात, तोमासो ब्रुनो विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या २०१५ च्या निकालात, सरकार पक्षाने हॉटेलचे चित्रण न्यायालयात आणले नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने प्रतिकूल अनुमान काढले आणि दोन्ही आरोपींना सोडले. हा मुद्दा आज साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११९ मध्ये आहे. पुरावा म्हणून सादर होऊ नये यासाठी इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. पण त्यासाठी ‘जपून ठेवा’ अशी मागणी आधी पोहोचलेली असली की काम सोपे होते. मागणी नसताना पुसले गेले तर यंत्राने पुसले असे म्हणता येते. मागणी पोहोचल्यावर पुसले गेले तर माणसाने पुसू दिले.

जाता जाता आपल्या विहारांविषयी दोन शब्द. पुतळ्याच्या विटंबनेच्या भीतीने गावोगाव विहार समित्या वर्गणी काढून कॅमेरे बसवत आहेत. चांगले आहे. पण पेटी पुतळ्याच्या चौथऱ्यापाशीच ठेवू नका. जो पुतळ्यावर हात टाकील तो पेटीही उचलून नेईल. पेटीला यूपीएस लावा. कंपनीकडून आलेला पासवर्ड त्याच दिवशी बदला. २०१६ साली मिराई नावाच्या विषाणूने जगभरातील असे कॅमेरे आणि पेट्या केवळ मूळचे पासवर्ड बदलले नव्हते म्हणून ताब्यात घेतल्या आणि त्यांच्याकरवी मोठमोठ्या संकेतस्थळांवर हल्ले चढवले. शिवाय समितीत एका जबाबदार माणसाकडे यंत्राचा ताबा लेखी ठरावाने द्या, कारण उद्या प्रमाणपत्रावर सही त्यालाच करायची आहे.

आता ठाण्याच्या बाबतीत नेमके करायचे काय? आदेशानुसार यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याची आहे आणि त्यावर देखरेखीला जिल्हास्तरीय समिती आहे, ज्यात जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक बसतात. ठाण्याच्या दारात मराठीतही फलक लागला पाहिजे. चित्रण किमान सहा महिने जपले जाते आणि मानवी हक्कांचे उल्लंघन झालेल्या व्यक्तीला ते सुरक्षित करून घेण्याचा अधिकार आहे, हे त्यावर लिहिलेले असले पाहिजे. फलक नसेल तर त्याचा फोटो काढा, म्हणजे रिकाम्या भिंतीचा! माणूस ताब्यात घेतल्याचे कळले की त्याच दिवशी प्रभारी अधिकाऱ्याच्या नावे अर्ज द्या आणि त्याची प्रत अधीक्षकांना व समितीला पाठवा. चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करतील तेव्हा वकिलाने नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली चित्रण हजर करण्याचा अर्ज तिथेच द्यावा.

अर्जात ‘फुटेज मिळावे’ एवढेच लिहू नका. ताब्यात घेतल्याची तारीख व वेळ आणि सोडल्याची किंवा हजर केल्याची वेळ लिहून, या काळातील सर्व कॅमेऱ्यांचे सलग चित्रण आवाजासह मूळ स्वरूपात जपून ठेवावे असे लिहा. पेटीचा लॉग, डिस्कची क्षमता, कॅमेऱ्यांच्या जागांचा नकाशा, साठवण्याचे सेटिंग, पेटीचे घड्याळ व खरी वेळ यांतील फरक, मेमरी कार्ड आणि मुख्यालयातील प्रत यांचा एकेक ओळीत उल्लेख करा. डिस्कवर नवे चित्रण चढू नये म्हणून ती काढून सीलबंद करावी आणि पेटीत दुसरी डिस्क टाकावी, अशी मागणी शेवटी करा. पोच घेताना शिक्क्याबरोबर तारीख आणि वेळ दोन्ही लिहून घ्या. पोच देत नसतील तर तोच अर्ज त्याच दिवशी स्पीड पोस्टाने आणि अधीक्षक कार्यालयाच्या ई-मेलवर पाठवा, आणि पोच नाकारणाऱ्या अंमलदाराचा बिल्ला क्रमांक अर्जाच्या मागे टिपून ठेवा.